पंच की बाहुला?

एकोणिसाव्या शतकात ठाण्याहून ‘हिंदू पंच’ हे साप्ताहिक निघत असे. नाव लंडनच्या, १८४१ साली सुरू झालेल्या ‘पंच’च्या धर्तीवरचे. तिथला पंच म्हणजे दांडके घेऊन नाचणारा बाहुला. मराठीत मात्र पंच न्यायनिवाडा करतो. हा श्लेष मला आपल्या विनोदाची किल्ली वाटतो. मराठी विनोदकाराला हसवता हसवता निकालही द्यायचा असतो.

‘ललित’मधला ठणठणपाळ असाच पंच. त्या टोपणनावाआडून जयवंत दळवींनी साहित्यिकांच्या फुग्यांना टाचणी लावली. वसंत सरवटे यांच्या रेषेने ठणठणपाळाला रूप दिले. शब्द बोचरे, रेषा मिस्कील. म्हणून निकाल खरा राहिला आणि कडवटही झाला नाही.

आज डोंबिवली लोकलमध्ये दिवाळी अंक चाळताना व्यंगचित्र मला बहुधा कवितेखालच्या मोकळ्या जागेत भेटते. त्यात बायको असते, बोनस असतो, न फुटणारा लाडू असतो; पंच नसतो. जागा भरायला बोलावलेला पाहुणा निवाडा कसा करणार? संपादकांनी चित्रकाराला विषय आणि पान दोन्ही द्यावे. निकाल आपल्याविरुद्ध गेला, तरी आपण वाचकांनी हसून ऐकावा. ‘हिंदू पंच’च्या गावाचा शेजारी म्हणून माझे एवढेच मागणे.