सध्या काय ऐकताय?

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नवीन नगर रोडवरच्या एका बंगल्यात आठ-दहा माणसं जमतात. निवृत्त प्राध्यापक, एक डॉक्टर, बँकेतले दोघं. चहा, पोहे आणि रेकॉर्डी. सध्या आपण काय ऐकतोय ते प्रत्येकानं सांगायचं आणि त्यातला पाच-सात मिनिटांचा तुकडा वाजवून दाखवायचा, असा रिवाज. मला तिथं एका मास्तरांनी नेलं. वर्ष झालं, जातोय. आपल्या वस्तीतल्या पोरांना कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर विचारलं, "दादा, भटांच्या बैठकीत काय करताय तुम्ही?"

हे त्या पोरांसाठी लिहितोय. बंगल्यातल्या मंडळींसाठीही आहे, पण ती काही हा अंक वाचणार नाहीत.

आधी खरं सांगून टाकतो. मला ते गाणं आवडतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पोह्याची बशी हातात तशीच राहिली. जुनी तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांचा खेळ, खरखर चाललेली, आणि त्या खरखरीतून तो बारीक, टोकदार सूर येतो. लहानपणी हीच तबकडी दुकानात ऐकून भीमसेन जोशी घर सोडून पळाले म्हणतात. पळणारच. आवडण्यात गुन्हा नाही. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं, ते काय कुणाला विचारून?

तेव्हा माझी तक्रार गाण्याविषयी नाही, ऐकण्याविषयी आहे.

या मंडळींना सगळं माहीत असतं. तबकडी कुठल्या सालची, निषाद किती चढा, बंदिश कुठल्या घराण्याची, कुणी कुणाकडून उचलली. एकदा दोन स्वरांवरून पाऊण तास वाद झाला. पण गाणाऱ्या बाईची आई कोण होती, तिला गावात कुठं राहू दिलं, कुठं जेवू दिलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं की वातावरण बिघडतं. "कलेत जात कशाला आणायची?" हे वाक्य मी तिथं चार वेळा ऐकलंय. आणायची कशाला? ती तबकडीच्या लेबलावर छापलेलीच आहे, वाचता आली पाहिजे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गोरा माणूस कलकत्त्यात रेकॉर्डिंगला आला. भोंग्यासमोर गायल्या त्या गौहर जान आणि त्यांच्यासारख्या गाणाऱ्या बाया. घरंदाज म्हणवणारे लांबच राहिले. गौहर जान गाणं संपता संपता स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या कामगाराला कळावं म्हणून. बैठकीत हे ऐकून सगळे कौतुकानं हसतात. पण मागं सारंगी कोण वाजवतोय, तबल्यावर कोण आहे? लेबलावर नाव नाही, आणि त्यांना नाव ओरडून सांगायचीही सोय नव्हती. पुढं नावंही बदलली. हिराबाई बडोदेकरांचे भाऊ सुरेशबाबू माने, यांचं जन्मनाव अब्दुल रहमान. बाप अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. लेबलावर 'माने' वाचलं की ऐकणाऱ्याचा जीव कसा भांड्यात पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

केसरबाई केरकर घ्या. गोव्यातलं केरी गाव, कलावंतांचं घराणं, म्हणजे देवळाला वाहिलेल्या बायकांचं. गुरू अल्लादिया खाँ. त्यांनी स्वतः तबकडी दिली नाही, शिष्येनं दिली. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. पृथ्वीची ओळख म्हणून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तीत आपल्या देशातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. ती तबकडी शोधायला त्या लोकांना बराच त्रास पडला. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. त्याच साली केसरबाई गेल्या. ज्या समाजाच्या बाईला देवळात नाचायचा हक्क होता पण लग्न करून घर मांडायचा नव्हता, तिचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर निघालाय. बैठकीत या तबकडीचा अभिमान वाटून घेतात. भारतीय संस्कृतीचा विजय वगैरे. कुठली संस्कृती, ते पुढं विचारायचं नाही.

गंगूबाई हनगल धारवाडला ब्राह्मणांच्या वस्तीत वाढल्या. लहानपणी शेजाऱ्याच्या बागेतला आंबा उचलला. शेजारी चिडला तो आंब्यासाठी नाही, गाणाऱ्या बाईची पोर बागेत शिरली म्हणून. हे गंगूबाईंनीच सांगून ठेवलंय. तरी त्यांच्या आवाजाबद्दल बोलताना आमच्या डॉक्टरांना 'मर्दानी' एवढाच शब्द सापडतो.

आणि सरकार? वल्लभभाई पटेल नभोवाणी खातं सांभाळत होते तेव्हा ज्या बायांचं खासगी आयुष्य बदनाम त्यांना रेडिओवर घेऊ नये असा हुकूम निघाला. ज्यांच्या गळ्यावर रेकॉर्डचा धंदा उभा राहिला त्यांनाच दार बंद. १९५२ नंतर केसकर मंत्री झाले, त्यांनी सिनेमाची गाणीच घालवली. लोकांनी काटा फिरवून सिलोन लावलं, आणि १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. लोक ऐकायचं ते ऐकतातच.

तर पोरांनो, हे गाणं 'भटांचं' म्हणून सोडून देता तेव्हा तुम्ही मुसलमान उस्तादांचं, कलावंतिणींचं, पुढं लिंगायत घरातल्या मन्सूरांचं, सगळ्यांचं गाणं त्यांच्या नावावर फुकट चढवून देता. सातबारा तपासायच्या आधीच जमीन सोडायची? बंगला त्यांचा आहे, खुर्च्या त्यांच्या आहेत, कुणाला गवई म्हणायचं आणि कुणाला नाच्या, हे ठरवायचा अधिकार त्यांनी घेतलाय. भांडण त्या अधिकाराशी आहे.

हा अधिकार कसा चालतो ते मी एका रविवारी तपासलं. माझी पाळी होती. आदल्या महिन्यात कुमार गंधर्वांची कबीराची निर्गुणी पदं वाजली होती. सगळे डोळे मिटून बसले होते. मी प्रल्हादसिंग टिपाणियांचं कबीर लावलं. माळव्यातला आपला माणूस, दलित घरातला, तंबुरा घेऊन गातो, २०११ साली पद्मश्री मिळाली. कुमारांनी देवासला राहून हे सूर ऐकले ते याच मातीतल्या गाणाऱ्यांकडून. तीन मिनिटं झाली आणि डोळे उघडले. "छान आहे. लोकसंगीत आहे." संपलं. कबीर तोच, माळवा तोच. एकाचं शास्त्र, दुसऱ्याचं लोक.

कातड्याचं तर बोलायलाच नको. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, ताणायची वादीही कातड्याची. ते कमावणारा माणूस ह्या घराच्या ओट्यावर तरी आला असेल का? टी. एम. कृष्णा या गवयानं तमिळनाडूतल्या मृदंग बनवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, २०२० साली. त्यात बरेच दलित ख्रिश्चन कारागीर आहेत. चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनाला दिलेला हॉल परत काढून घेतला. मृदंग चालतो, तो बनवणाऱ्याचं नाव चालत नाही.

आता आपल्या गावाचं. संगमनेर म्हटलं की मंडळी अनंत फंदीचं नाव घेतात. घ्यावंच. १७४४ चा जन्म, जातीनं ब्राह्मण, हातात डफ, जोडीला मलिक फंदी. पुढं अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून तमाशा सोडून कीर्तनाकडं वळला म्हणतात, म्हणून मंडळींना जास्तच प्रिय. पण याच गावात कांताबाई सातारकर राहिल्या. तुकाराम खेडकरांच्या मागं फड उभा केला, आयुष्यभर कनातीत गायल्या, आणि २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात इथंच गेल्या. या बैठकीत त्यांचं एक गाणं वाजलं नाही. मी सुचवलं, तर यजमान नम्रपणे म्हणाले, "आपल्या विषयात बसत नाही." नम्रपणा मोठा वाईट असतो, भांडता येत नाही. पुण्याच्या रस्त्यावर पुढं नारायणगाव. तिथल्या विठाबाई बापाची जात नावात घेऊन, भाऊ मांग नारायणगावकर म्हणून बोर्डावर उभ्या राहिल्या. दोनदा राष्ट्रपतींचं पदक घेतलं. तेही विषयात बसत नाही.

आपल्यातही यावर अवघडलेपण आहे, ते लपवू नये. पठ्ठे बापूरावाची देणगी बाबासाहेबांनी परत केली, आमच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, असं आपल्यात सांगतात. त्यामुळं तमाशाचं नाव काढलं की कार्यकर्ता मान खाली घालतो. नाचवणाऱ्याचा पैसा नाकारणं वेगळं. नाचणारीचा गळा विसरणं वेगळं.

आणि आपली स्वतःची रेकॉर्ड काय आहे? वामनदादा कर्डक शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. २००४ साली गेले. प्रल्हाद शिंदेही त्याच साली. त्यांच्या कॅसेटी आपल्या घराघरात होत्या, जयंतीला वाजून वाजून फीत झिजली. गीत कुणाचं, ढोलकी कुणाची, कुठं रेकॉर्ड केलं? खोक्यावर काही नाही. असलं तर कंपनीचं नाव आणि मोबाईल दुकानाचा शिक्का. बंगल्यातली मंडळी एका तबकडीच्या सालावरून तासभर भांडतात याला मी हसत होतो. हल्ली हसू येत नाही. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी संस्था काढली, नियतकालिक चालवलं, एकेका तबकडीचा नंबर लिहून ठेवला. आपण जलशांची वही तरी केली का?

माझा चुलता फडात हलगी वाजवायचा. बारा वर्षं. मी परवा घरात, त्याच्या जुन्या सोबत्यांकडं, यात्रेतल्या स्पीकरवाल्याकडं विचारून आलो. एका कॅसेटीत एका गवळणीच्या मागं जी हलगी ऐकू येते ती त्याची असावी, असं एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, नाही, ती दुसऱ्या फडातली. दोघंही खात्रीनं.

पुढच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा माझी पाळी आहे. वामनदादांच्या स्वतःच्या गळ्यातली, कार्यक्रमाचं गाव आणि साल माहीत असलेली कॅसेट कुणाकडं असेल तर आणून द्या. डेक माझ्याकडं आहे. बरोबर कुणी यायचं असेल तर दहाला बस स्टँडवर थांबा. तिथं पोहे चांगले असतात.