संगणक-व्यवसायाची आचारसंहिता आणि चाकणची मोटार : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणक क्षेत्रातील नीती आणि व्यावसायिक आचरण यांचा विचार करताना ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’, म्हणजेच ‘एसीएम’, या संस्थेची आचारसंहिता बहुधा प्रमाण मानली जाते. आपल्याकडील वर्गांत या विषयाचे अध्यापन पुष्कळदा या संहितेच्या कलमांनी सुरू होते आणि कलमांनीच संपते. संहितेविषयी जे लिहिले जाते तेही प्रायः परिचयपर असते. ती कोणाला उद्देशून लिहिली आहे, कोणत्या गृहीतकांवर उभी आहे आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी तिचे काय होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांच्या अनुषंगाने तिची चिकित्सा करावयाची आहे.

ही चिकित्सा हवेत होऊ नये म्हणून एक प्रकरण समोर ठेवले आहे. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींत बसविलेली, प्रदूषण-चाचणी ओळखणारी संगणकीय आज्ञावली हे ते प्रकरण होय. ते जर्मनीत घडले व अमेरिकेत उघडकीस आले. परंतु या कंपनीचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, भारतात ज्या मोटारी परत बोलवाव्या लागल्या त्यांत तेथे तयार झालेल्या मोटारी होत्या आणि त्यांची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात ‘एआरएआय’, या संस्थेने केली. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात अध्यापन करणाऱ्यास हे प्रकरण परके म्हणता येत नाही.

संहितेचे स्वरूप

एसीएमने आपली आचारसंहिता १९९२ साली स्वीकारली. त्या संहितेत एकूण २४ कलमे होती. २०१८ साली तिची सुधारित आवृत्ती आली व कलमांची संख्या २५ झाली. या आवृत्तीचे चार भाग आहेत : सर्वसाधारण नैतिक तत्त्वे, व्यावसायिक जबाबदाऱ्या, नेतृत्वाची तत्त्वे आणि संहितेचे पालन. समाजाचे हित साधणे, हानी टाळणे, प्रामाणिक राहणे, भेदभाव न करणे, खाजगीपणाचा आदर राखणे ही पहिल्या भागातील प्रमुख तत्त्वे होत.

सुधारित आवृत्तीचे श्रेय नाकारता येणार नाही. नेतृत्वाच्या भागातील पहिले कलम सार्वजनिक हित हे संगणकविषयक सर्व कामाच्या केंद्रस्थानी ठेवते. संहिता म्हणजे नैतिक प्रश्नांची यांत्रिक उत्तरे देणारी कृती नव्हे, ती निर्णयाचा पाया आहे, असा प्रांजळ खुलासाही तीत आहे. हानी टाळण्याच्या कलमाच्या विवेचनात तर धोक्याची चिन्हे दिसल्यास ती कळविण्याचे कर्तव्य सांगितले असून, वरिष्ठांनी दखल न घेतल्यास बाहेर वाच्यता करणेही आवश्यक ठरू शकते, असे म्हटले आहे. मात्र उतावळी वा चुकीची वाच्यता स्वतःच हानिकारक ठरते, असा इशाराही तेथेच आहे.

चाकणचा संदर्भ

मोटारीच्या धुराची चाचणी पूर्वी केवळ प्रयोगशाळेत होत असे. गाडी रोलरवर उभी करून ठरावीक वेगक्रमाने चालविली जाई. चाके फिरत, पण सुकाणू वळत नसे. फोक्सवॅगनच्या आज्ञावलीने नेमका याचाच लाभ घेतला. सुकाणूची स्थिती, वेग, इंजिन चालू असल्याचा कालावधी आणि हवेचा दाब यांवरून गाडी चाचणीत आहे की रस्त्यावर, हे ती ओळखत असे. चाचणीत धूर-नियंत्रण पूर्ण क्षमतेने चाले. रस्त्यावर ते शिथिल होई. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीस नोटीस दिली, तेव्हा रस्त्यावरील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण तेथील मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात असल्याचे त्या संस्थेने नमूद केले होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही आज्ञावली होती. गैरप्रकाराचा माग एका विद्यापीठीय मोजणीतून लागला, ही बाब अध्यापकवर्गाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणीची उपकरणे गाडीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविली. त्या गटात भारतातून गेलेले तरुण संशोधकही होते.

भारतात १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने ३,२३,७०० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० मोटारी होत्या. एआरएआयच्या चाचण्यांत रस्त्यावरील उत्सर्जन ‘भारत स्टेज चार’ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले होते. रस्त्यावरील उत्सर्जनासाठी तेव्हा भारतात मानकच नव्हते, सबब नियमभंग झालेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती. एका शिक्षिकेसह काही नागरिकांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने आरोग्यहानीचे मूल्य १७१.३४ कोटी रुपये काढले आणि न्यायाधिकरणाने ७ मार्च २०१९ रोजी ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली व मे २०१९ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. पुढे भारतात १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरील उत्सर्जनाची मानके लागू झाली.

चिकित्सा : जाणणारा आणि न जाणणारा

या प्रकरणावर संहिता ठेवून पाहिली असता प्रथमदर्शनी निर्णय सोपा वाटतो. हानी टाळणे, प्रामाणिक राहणे, कायदा जाणून तो पाळणे, या सर्व कलमांचा भंग झाला आहे. पण एवढ्यावर थांबणे म्हणजे संहितेची परीक्षा न घेता केवळ आरोपीची घेणे होय. या प्रकरणातील माणसे दोन प्रकारची आहेत आणि संहिता त्या दोन्ही प्रकारांना एकच वाचक समजते. संहितेची मुख्य मर्यादा येथे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला प्रकार जाणणाऱ्यांचा. कंपनीतील अभियंता जेम्स लियांग याने २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली. ऑलिव्हर श्मिट या व्यवस्थापकास त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने अमेरिकेत मान्य केलेल्या वस्तुस्थितीनुसार, हे इंजिन अमेरिकेच्या कठोर मर्यादेत बसत नाही, हे संबंधितांना २००६ च्या सुमारासच उमगले होते. पुढे काही गाड्यांचे भाग रस्त्यावर निकामी होऊ लागले. गाडी रस्त्यावर असूनही आज्ञावली चाचणीच्याच अवस्थेत राहते, असा संशय अभियंत्यांना आला. तेव्हा त्यांनी सुकाणूच्या कोनावरून चाचणी ओळखण्याची क्षमता वाढवून फसवणूक अधिक अचूक केली. कंपनीच्या अंतर्गत व्यवहारात या कार्यास ध्वनिशास्त्रावरून घेतलेले एक निरुपद्रवी नाव होते.

या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. त्या अभियंत्यांसमोर नैतिक पेचप्रसंग म्हणून काही आलेच नसावे. आला तो एक तांत्रिक दोष, आणि त्यांनी तो कुशलतेने दूर केला. संहितेची भाषा मूल्यांची आहे. कार्यालयाची भाषा दोष, सुधारणा आणि मुदत यांची आहे. एका भाषेतील वाक्य दुसरीत कसे ओळखावे, याविषयी संहिता मार्गदर्शन करीत नाही. शिवाय ज्याने ते ओळखले त्याने पुढे काय करावे? संहिता वाच्यता सुचविते, पण तिच्याजवळ संरक्षण नाही. तिच्या भंगाची कमाल शिक्षा म्हणजे संस्थेच्या सभासदत्वाला मुकणे, आणि ते सभासदत्व मुळातच ऐच्छिक आहे. वैद्यक किंवा वकिली करणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. आज्ञावली लिहिणाऱ्यास आपल्याकडे नोंदणीच नाही.

भारतीय कायदाही येथे फारसा हात देत नाही. २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार अंतर्गत तक्रारीची व्यवस्था सूचिबद्ध कंपन्यांना, जनतेकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेणाऱ्यांना बंधनकारक आहे. म्हणजे या अटींत न बसणाऱ्या खाजगी मर्यादित कंपनीतील अभियंत्याला संहिता बोलावयास सांगते, पण कोणाजवळ बोलावयाचे हे कोणीच सांगत नाही.

दुसरा प्रकार न जाणणाऱ्यांचा, आणि आपल्या पट्ट्याशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे. चाकणच्या जुळणी-साखळीवरील कामगारापर्यंत किंवा अभियंत्यापर्यंत इंजिन नियंत्रक येतो तो बंद डबा म्हणून. हिंजवडीच्या कार्यालयांत वाहनांच्या आज्ञावलीचे जे काम चालते ते ग्राहक-कंपनीने पाडून दिलेल्या तुकड्यांचे असते. भोसरीच्या छोट्या कारखान्यात ‘ड्रॉइंगप्रमाणे माल’ हा जॉबवर्कचा नियम आहे. भाग कोणत्या यंत्रात बसणार आहे, हे विचारण्याची तेथे रीत नाही आणि लोखंडाच्या भागापुरते ते बहुधा खपूनही जाते. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र हा नियम घातक ठरतो. कारण सुकाणूचा कोन मोजणारा तुकडा हा स्वतः निर्दोष असतो, तो कशासाठी वापरला जातो यावर त्याची नीती ठरते.

वर्गात हे प्रकरण मांडले असता एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, कोन मोजणारा कोड लिहिणाऱ्याला तो कशासाठी आहे हे माहीत होतं का?” या प्रश्नाचे उत्तर संहितेत शोधले तर सापडत नाही. व्यवस्था व तिचे परिणाम यांचे सांगोपांग मूल्यमापन करावे असे एक कलम सांगते. परंतु ज्याला व्यवस्थेचा एकच तुकडा दिसतो त्याने ते कसे करावे? एसीएमने दुसऱ्या एका संस्थेसह १९९९ साली प्रसृत केलेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या स्वतंत्र संहितेत, आपण करीत असलेल्या कामाचा तपशील पूर्ण समजून घेण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले आहे. मात्र तपशील समजणे आणि हेतू समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसव्या आज्ञावलीचा तपशीलही नीटनेटका लिहिता येतो.

‘आम्ही मागणीप्रमाणे दिले’ हा बचाव यापुढे टिकणारा नाही, हेही याच प्रकरणाने दाखविले आहे. इंजिन नियंत्रकाचा पुरवठा करणाऱ्या बॉश कंपनीला स्टुटगार्टच्या अभियोक्त्यांनी मे २०१९ मध्ये देखरेखीतील हलगर्जीपणाबद्दल ९ कोटी युरोंचा दंड केला. उलट २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखाने तेथील संसदेच्या समितीपुढे दोष मोजक्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर टाकला होता. पुढे न्यायालयांनी तो हिशेब वरपर्यंत नेला. तथापि दोष प्रथम कोणावर ढकलला जातो, हे आपल्या विद्यार्थ्यांना कळलेले बरे.

एक आक्षेप

संहिता ही आदर्शाचे स्मरण देण्यासाठी असते, तिच्याकडून कार्यालयाची व्यवस्था लावण्याची अपेक्षा का करावी, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. परंतु स्मरण तरी होते काय? नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली ६३ विद्यार्थी आणि १०५ व्यावसायिक यांच्यापुढे अकरा नैतिक प्रसंग ठेवले. काहींना एसीएमची संहिता विचारात घेण्यास स्पष्टपणे सांगितले होते. त्यांच्या आणि इतरांच्या निर्णयांत फरक आढळला नाही. यावरून संहिता टाकाऊ ठरत नाही. केवळ ती वाचावयास देणे पुरेसे नाही, एवढे निश्चित ठरते.

आणि हेच तर आपण करीत आलो आहोत. अभियांत्रिकी शिक्षणाच्या मूल्यांकनासाठी जी बारा पदवीधर-निष्पत्तींची यादी आपण वर्षानुवर्षे वापरली तीत आठवी निष्पत्ती नीतीची होती. तिची ‘प्राप्ती’ आपण तक्त्यात अपूर्णांकासह भरली. ज्या चौकटीत आकडा भरला की काम झाले असे मानले जाते, तेथे आपणही चाचणीपुरतेच शुद्ध वागत आहोत काय, हा प्रश्न अध्यापकाने स्वतःला विचारावयास हवा. रोलरवरची मोटार आणि प्रश्नपत्रिकेतील नीती यांत साम्य आहे, हे मान्य करणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे.

समारोप

सारांश, एसीएमची संहिता जाणत्या आणि स्वतंत्र व्यावसायिकास उद्देशून लिहिलेली आहे. जाणत्यास ती कर्तव्य सांगते पण आधार देत नाही. न जाणत्यास ती उद्देशून बोलतच नाही. पुढील सुधारणेत तीत एका तत्त्वाची भर पडणे इष्ट आहे : आपण लिहीत असलेल्या भागाचा अंतिम उपयोग विचारणे हे व्यावसायिकाचे कर्तव्य आणि त्याचे लेखी उत्तर मिळणे हा त्याचा हक्क मानला जावा. व्यापारी गुपिताची अडचण येथे पुढे केली जाईल. तथापि उपयोग सांगणे म्हणजे रचना उघड करणे नव्हे, आणि जो उपयोग पुरवठादाराच्या अभियंत्यालाही सांगता येत नाही त्याविषयी शंका घेणे रास्तच आहे.

संहिता बदलण्याची वाट न पाहता महाविद्यालयांना एक गोष्ट करता येईल. प्रकल्प-अहवालात आज्ञावली काय करते हे आपण लिहून घेतोच. ती कोणासाठी, कशासाठी आणि तिचा गैरवापर कसा संभवतो, हेही एका पानात लिहून घ्यावे आणि तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकाने त्यावर प्रश्न विचारावेत. उद्योगाने दिलेल्या प्रकल्पांच्या बाबतीत तर हा आग्रह विशेष धरावा. ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारण्याची सवय नोकरीच्या पहिल्या दिवशी लागत नाही. ती आधीच लागलेली असावी लागते, आणि ती लावण्याची जागा महाविद्यालय हीच आहे.