कादंबरीतली मुंबई : कोठून पाहिलेली?

‘महानगरीय कादंबरी’ ही संज्ञा आपल्या समीक्षेत आशयावरून रूढ झाली. चाळ, झोपडपट्टी, लोकल आली की वर्ग ठरला. या सैलपणात कथनाला शहर कोठून दिसते, हा प्रश्न बाजूला राहतो. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) मुंबई सलग दिसतच नाही. निवेदक नाक्यावरच्याच पोरांपैकी एक. त्यांची बोली हेच त्याचे शहर. अश्लीलतेच्या वादात ही गोष्ट पार हरवली. उलट अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’मध्ये पत्रकार, मुख्यमंत्री, कामगार पुढारी यांच्याद्वारे अवघे शहर एकदम कवेत घेण्याची ईर्षा आहे, मुख्यमंत्री कल्पित, सत्तेचे व्यवहार मात्र ओळखीचे. नेमाड्यांच्या ‘बिढार’मधील (१९७५) चांगदेवाला मुंबई घर होत नाही, हे शीर्षकातच आले.

मराठवाड्यातील आमचा विद्यार्थी मुंबई बहुधा आधी वाचतो, मग पाहतो. त्याला चांगदेवाचे उपरेपण चटकन कळते. ‘वासूनाका’ मात्र शब्दार्थ विचारत वाचावी लागते. (मुंबईकर प्राध्यापकांना ही अडचण सहसा सुचत नाही.) म्हणजे ज्या मुंबईला आपण ‘वास्तव’ म्हणतो, तिच्या वास्तवतेचा निवाडा आजवर मुंबईतूनच होत आला आहे.