बाँड मरतो हे आधीच कळलं, मग?

आजचा विषय हलका वाटेल, पण पनवेलमध्ये बाँडपटावरून मी जेवढे वाद ऐकलेत तेवढे चांगल्या मराठी नाटकांवरूनही ऐकलेले नाहीत. म्हणून ‘नो टाइम टू डाय’बद्दल बोलायचं ठरवलं. मालिकेतला हा पंचविसावा चित्रपट, डॅनियल क्रेगचा पाचवा आणि शेवटचा. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी कान झाकून घ्यावेत. अर्थात, आजचा मुद्दाच तो आहे.

आठवून बघा. करोनामुळे हा चित्रपट एप्रिल २०२० पासून पुढे पुढे ढकलला जात होता. शेवटी ३० सप्टेंबर २०२१ ला भारतात लागला, पण महाराष्ट्रात थिएटरं बंद! आपल्याकडे ती उघडली २२ ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. मधले तीन आठवडे गुजरातेत लोक बघतायत, सगळं जग बघतंय, आणि आपल्याला मोबाईलवर कळतंय की बाँड मेला. माझ्या ओळखीतले दोघे तर वापीला जाऊन बघून आले आणि आल्या आल्या शेवट सांगून मोकळे झाले. (हशा)

म्हणजे महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्रेक्षकांनी हा चित्रपट शेवट माहीत असताना पाहिला. त्याचं दुःख आजही ऐकू येतं, ‘मजाच गेली’ म्हणतात. मला हे पटत नाही. शिरढोण इथून हाकेच्या अंतरावर. वासुदेव बळवंत फडक्यांचा शेवट एडनच्या तुरुंगात १८८३ साली झाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणी ती गोष्ट ऐकायचं सोडतं का? कीर्तनात अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा तो परत येणार नाही हे सगळ्या मंडपाला माहीत असतं, आणि तरी डोळे पुसले जातात. शेवट कळल्यावर जे उरतं, तेच खरं काम.

मग या चित्रपटात काय उरतं? सुरुवातीचा मातेरा गावातला भाग उरतो, आणि फार चांगला उरतो. चौकात गाडीला वेढा पडलाय, काचेवर गोळ्यांचा मारा चाललाय, शेजारी मॅडलिन काहीतरी कर म्हणून विनवतेय, आणि बाँड नुसता बसून आहे. त्याला वाटतंय हिनेच दगा दिला. हा माणूस कसा मरणार हे माहीत असलं की तिथलं ते गप्प बसणं अंगावर येतं. पहिल्यांदा बघणारा फक्त काच फुटते का ते बघत असतो.

क्यूबाचा भागही उरतो. ॲना दे आर्मास जेमतेम काही मिनिटं येते आणि थिएटर खिशात घालून निघून जाते. आमच्या खेळाला सगळ्यात जास्त शिट्ट्या तिलाच पडल्या.

पण शेवटचा बेटावरचा भाग? तो मात्र उघडा पडतो. रामी मालेकचा साफिन सुरुवातीला घरच्यांच्या खुनाचा सूड घेणारा आहे. तो सूड मध्येच पुरा होतो, आणि मग त्याला सगळं जग का मारायचंय, हे चित्रपट नीट सांगतच नाही. बाँडला मारायला इतका कच्चा खलनायक? प्रेक्षकांची ही तक्रार मला शंभर टक्के मान्य. १६३ मिनिटं हाताशी असताना याला सबब नाही.

दुसरी तक्रार जुन्या रसिकांची: ‘बाँड मरतोच कसा? त्याला मूल कसं?’ यामागची भावना मला कळते. आपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर वाढलेली माणसं. नायक पुढच्या पुस्तकात ताजातवाना हजर, हा लेखकाचा आणि वाचकाचा करारच असतो. कॉनन डॉयलने १८९३ मध्ये होम्सला दरीत ढकललं, तर वाचकांनी त्याला परत आणायला लावलंच ना! पण क्रेगच्या बाँडने तो करार २००६ मध्येच, ‘कसिनो रोयाल’मध्ये मोडला होता. त्याला आठवणी आहेत, जखमा पुढच्या चित्रपटात येतात, वेस्परच्या थडग्यावर तो पंधरा वर्षांनीही जातो. ज्याला भूतकाळ आहे त्याला शेवटही असणार. रॉजर मूर उदयपुरात रिक्षातून पळाला, तसा हा पळू शकत नाही.

००७ हा क्रमांक एका कृष्णवर्णीय बाईला दिला म्हणूनही काहीजण चिडले. मी उलट्या कारणाने चिडलो. नोमीला क्रमांक दिला, आणि मग तिच्याच तोंडून तो बाँडला परत द्यायला लावला! धाडस दाखवायचं आणि मध्यंतरानंतर गुपचूप मागे घ्यायचं, ही हिशेबी भीती आहे. त्या क्रमांकासाठी ती भांडली असती तर पात्र उभं राहिलं असतं.

श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर येतं, की जेम्स बाँड परत येईल. आमच्या रांगेतला एक काका तेवढ्यासाठी थांबला होता. ते वाचून त्याने मोठ्याने ‘आता बरं वाटलं’ म्हटलं आणि उठला. मला बरं वाटलं नाही. का, त्यावर भांडायचं असेल तर माईक तिकडे देतो.