दोन आत्मकथने, तिसरा वाचक

१९९५ साली इंग्रजीत दोन आत्मकथने प्रसिद्ध झाली: टेंपल ग्रँडिन यांचे स्वमग्नतेविषयीचे 'थिंकिंग इन पिक्चर्स' आणि के रेडफील्ड जेमिसन यांचे उन्माद-अवसादाच्या विकाराविषयीचे 'ॲन अनक्वाएट माइंड'. ग्रँडिन यांची भाषा कोरडी, नेमकी; स्वमग्नता ही त्यांना आपली जन्मजात घडण वाटते. जेमिसन यांची शैली काव्याकडे झुकते. उन्मादाची मोहिनी त्या रंगवितात, परंतु लिथियम नाकारल्याने प्राणांवर बेतले हेही लपवीत नाहीत.

मात्र ज्याच्या ठायी दोन्ही एकत्र नांदतात, त्या वाचकाचे काय? अखंड बोलणे हा आवडत्या विषयाचा ध्यास, की उन्मादाची चाहूल? मौन हा स्वभाव, की अवसाद? दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचता आम्हांस एवढे उमगते की, येथे मोजमाप लोकरीतीचे नसावे. त्या माणसाच्या स्वतःच्या नित्यक्रमाचे असावे. स्वमग्न मनास प्रिय असलेली ठरीव दिनचर्या आणि वेळेवरची झोप हीच दुसऱ्या विकारात औषधाच्या जोडीला उपकारक ठरते. बदलीगणिक संसाराची घडी मोडणाऱ्या आमच्या वाचकांस तिचे मोल निराळे सांगणे नलगे. त्या तिसऱ्या वाचकाने आता स्वतःच लेखणी उचलावी, आणि ती मराठीत उचलावी, अशी आमची इच्छा आहे.