घरच्या बागेची पुस्तके: शाळेने कोणती घ्यावीत आणि कशी वाचावीत?

पहिला पाऊस पडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रोपवाटिकांत गर्दी होते आणि पुस्तकांच्या दुकानांत बागकामाची पुस्तके पुढच्या फळीवर येतात. शालेय पोषण आहारात परसबागेला स्थान मिळाल्यापासून शाळाही या पुस्तकांच्या गिऱ्हाईक झाल्या आहेत. केंद्र सरकारने शालेय पोषण बागांविषयी २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून शाळेच्या ग्रंथालयासाठी बागेचे कोणते पुस्तक घ्यावे, हा प्रश्न शिक्षकांपुढे वरचेवर येतो. या लेखात आम्ही त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहोत.

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मुलांनी टोमॅटो लावले आणि ते फुलून गळून गेले, तर मुले पुस्तकाला दोष देत नाहीत. 'आपल्या हाताला गुण नाही' असे म्हणून ती मोकळी होतात. छापील मजकूर चुकू शकतो, तो आपल्या जागी तपासून पाहायचा असतो, ही विज्ञानाची पहिली शिकवण तिथेच हुकते. म्हणून बागेच्या पुस्तकाकडे आम्ही विज्ञानाचे पुस्तक म्हणूनच पाहतो आणि त्याच कसोट्या लावतो.

पहिली कसोटी जागेची. मराठीतली बरीचशी बागेची पुस्तके पुण्याच्या अनुभवावर उभी आहेत. पुण्याचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, हिवाळ्यातल्या रात्री चांगल्या थंड आणि लेखकाच्या डोळ्यांसमोर बहुधा बंगल्याभोवतीची मोकळी जागा. ठाणे-कल्याण पट्ट्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जागा म्हणजे गच्चीचा कोपरा किंवा खिडकीबाहेरचे लोखंडी ग्रिल. पुण्याचे वेळापत्रक इथे तसेच्या तसे लागू पडत नाही.

हे मुलांना आकड्यांतून सहज पटवता येते. २५ सेंटिमीटर खोलीची सरळ भिंतींची कुंडी उघड्यावर ठेवली आणि पावसाळ्यात २५० सेंटिमीटर पाऊस पडला, तर कुंडीवर तिच्या आकारमानाच्या दहापट पाणी पडते. कुंडीचे तोंड ३० सेंटिमीटर रुंद असेल तर हे पाणी भरते सुमारे १७५ लिटर. एवढे पाणी मातीतून निथळून जाताना विरघळणारी नत्रद्रव्ये बरोबर घेऊन जाते. जूनमध्ये भरपूर खत घातलेली कुंडी ऑगस्टमध्ये पिवळी का पडते, याचे हे एक कारण. 'पावसाळ्यापूर्वी खत भरून ठेवावे' एवढेच सांगणारे पुस्तक आपल्याकडे अपुरे आहे. थोडे थोडे खत अनेक वेळा द्यावे, भोके मोकळी ठेवावीत आणि काही कुंड्या आडोशाला घ्याव्यात, असे कारणासह सांगणारे पुस्तक हवे. टोमॅटोचेही तसेच. रात्री उबदार राहिल्या की त्याची फलधारणा घटते. त्यामुळे आपल्याकडे त्याचा हंगाम हिवाळ्याचा. पावसाळ्यात पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, माठ आणि अळू यांच्यावर भिस्त ठेवलेली बरी. कोकणातल्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढवत. वाया जाणारे पाणी आणि पाणी मागणारे पीक यांची ही जोडी समजावून सांगितली, तर तो एक पूर्ण पाठ होईल.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. गच्चीवर मातीचे वाफे करावेत, असे अनेक पुस्तके आनंदाने सुचवतात. वजनाविषयी मात्र गप्प राहतात. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,७०० किलोच्या घरात असते. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचा थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार टाकतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८७ च्या संहितेत (आयएस ८७५, भाग २) ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. आमच्या पट्ट्यातल्या महापालिका दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. अशा गावांत हा हिशेब न देता 'गच्चीवर शेती करा' म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे. पालापाचोळा, उसाची चिपाडे आणि नारळाचा भुसा यांवर आधारलेल्या हलक्या वाफ्यांची माहिती देणारी पुस्तके म्हणूनच आम्हांला अधिक मोलाची वाटतात. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर चिपाडे वापरून भाजीपाला पिकवण्याची पद्धत रुजवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. तरीही ओला पालापाचोळाही जड असतोच. इमारतीच्या बाबतीत शेवटचा शब्द अभियंत्याचा, हे पुस्तकाने सांगायलाच हवे.

सुरक्षिततेचा दुसरा भाग डासांचा. सजावटीच्या छायाचित्रांत प्रत्येक कुंडीखाली पाण्याची बशी असते आणि बाटलीत मनीप्लँट. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने टिकतात, म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही. बशी आठवड्याला घासावी लागते. बशीचे चित्र छापणाऱ्या पुस्तकाने ही दोन वाक्ये छापायला काय हरकत आहे?

तिसरी कसोटी दाव्यांची. घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हे वाक्य अलीकडच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडते. त्याचे मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत केले होते. अशा प्रयोगांचे आकडे २०१९ साली कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी एकत्र तपासले. इमारतीत एरवी खेळणारी हवा जेवढी प्रदूषके बाहेर नेते, तेवढे काम करण्यासाठी चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खिडकी उघडणे जास्त सोपे. 'तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते' हाही असाच लाडका दावा. पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटण्याची क्रिया प्रकाशातच होते. रात्री तुळसही आपल्यासारखीच श्वसन करते. कोरफडीसारख्या काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. तुळशीवर प्रेम करायला खोट्या शास्त्राची गरज नाही.

आता नावानिशी काही पुस्तके. श्री. अ. दाभोळकर यांचे 'विपुलाच सृष्टी' शाळेत असायलाच हवे, असे आमचे मत आहे. दाभोळकर मूळचे गणिताचे शिक्षक, आणि ते पानोपानी जाणवते. पानाचे क्षेत्रफळ, त्यावर पडणारे ऊन आणि त्यातून तयार होणारे अन्न यांचा हिशेब मांडायला ते वाचकाला भाग पाडतात. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब कसे जगेल, याचे त्यांचे गणित प्रसिद्ध आहे. प्रयोग परिवाराच्या कामातून शेतकरी आपल्याच शेतावर निरीक्षण करून एकमेकांना शिकवू लागले, हे त्यांचे मोठे यश. पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्यांनी स्वतः घडवलेली परिभाषा नवख्याला अडखळायला लावते आणि उत्साहाच्या भरात काही आकडे आदर्श परिस्थितीचे असतात. तीन तास ऊन येणाऱ्या डोंबिवलीच्या गॅलरीला दहा गुंठ्यांचे गणित लागत नाही. पण आपल्या गॅलरीत ऊन किती तास येते हे मोजायला याच पुस्तकाने शिकवले आहे. म्हणून ते मुलांच्या हाती देण्याआधी शिक्षकांनी वाचावे.

डॉ. शरदिनी डहाणूकर यांचे 'फुलवा' हे लागवडीचे पुस्तक नव्हे. औषधशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या या लेखिकेने फुलांकडे वनस्पतिशास्त्र, साहित्य आणि वैद्यक अशा तिन्ही बाजूंनी पाहिले आहे. भाषेच्या तासाला विज्ञान आणायचे असेल तर याहून चांगले साधन नाही. प्रा. श्री. द. महाजन यांचे 'आपले वृक्ष' ओळख पटवण्यासाठी उपयोगी आहे. देशी आणि विदेशी झाडांतला फरक त्यांनी आग्रहाने मांडला आहे, आणि शाळेच्या आवारात काय लावावे हे ठरवताना तो कामी येतो.

विदेशी-देशीच्या या मुद्द्यावरून आम्ही बागेच्या इतिहासाकडे वळतो. या बाबतीत आपली पुस्तके सर्वांत कच्ची आहेत. प्रस्तावनेत अशोकवनाचा उल्लेख येतो, मग एकदम इंग्रजांची उद्याने. मधली दीड-दोन हजार वर्षे गायब. वास्तविक साधने भरपूर आहेत. वात्स्यायनाच्या कामसूत्रात गृहिणीच्या कामांमध्ये घराजवळ भाज्यांचे वाफे, ऊस, जिरे, मोहरी लावणे सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'चे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. प्राण्यांचे अवशेष कुजवून केलेले 'कुणपजल' हे द्रवखत त्यात आहे, तसेच फुलांचा रंग बदलण्याचे अद्भुत उपायही आहेत. आजची काही पुस्तके दोन्ही गोष्टी सारख्याच श्रद्धेने उतरवून घेतात. शाळेने दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात, एकीत द्रवखत घालावे, दुसरीत नुसते पाणी, आणि मोजमाप ठेवावे. सुरपालाचा याहून मोठा सन्मान नाही.

सोळाव्या शतकात परस बदलला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तिथल्या आपल्या बागेतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याविषयी त्याने लिहिले आहे. त्या काळापासून मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, चिकू, कर्दळ, निशिगंध, देवळापुढचा पांढरा चाफा अशी अमेरिकेतली मंडळी इथे येऊन घरची झाली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा, सदाफुली मादागास्करची, मनीप्लँट पॉलिनेशियाचा. वर्गात जगाचा नकाशा लावून प्रत्येक कुंडीपासून दोरा ओढला, तर इतिहास, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र एका तासात भेटतात.

पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचे जी. मार्शल वुड्रो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या बागकामावर लिहिलेले इंग्रजी पुस्तक त्याच काळातल्या फर्मिंजरच्या पुस्तकाबरोबर पुढे अनेकांचा आधार ठरले. निरीक्षणे बारीक, पण वाचक साहेब आणि ज्ञानी लेखक. माळी फक्त हुकूम पाळणारा. आपल्याकडच्या कित्येक पुस्तकांनी हा साचा नकळत उचलला. कलम बांधणाऱ्या माळ्याचे आणि बी राखून ठेवणाऱ्या आजीचे ज्ञान त्यांत नाही. मुरबाड-शहापूरकडून टाकळा, कुर्डू, शेवळे घेऊन कल्याणच्या बाजारात बसणाऱ्या आदिवासी बाईला जे ठाऊक आहे, तेही नाही.

अलीकडचा इतिहासही सुटला आहे. 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम १९४० च्या दशकातली. तिच्यातून रेल्वेमार्गाकाठच्या पडीक जागांवर कर्मचाऱ्यांनी भाजी लावण्याची प्रथा पडली. ठाण्यापुढे गाडीतून दिसणारे पालक-माठाचे वाफे ही तिचीच आठवण. त्यांतल्या काहींना नाल्याचे पाणी मिळते, आणि पालेभाज्या पाण्यातली जड मूलद्रव्ये पानांत साठवू शकतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीशेजारी बाग करणाऱ्या शाळेने माती कुठून आणली, पाणी कोणते, हे आधी विचारले पाहिजे. कल्याणच्या आधारवाडीच्या क्षेपणभूमीवर वर्षानुवर्षे जो कचरा गेला, त्यातला मोठा हिस्सा ओला होता. त्याचे खतच झाले असते. बागेच्या पुस्तकात खताचे प्रकरण म्हणूनच फुलांच्या आधी यावे.

तर खरेदीपूर्वी पुस्तक उघडून पाच गोष्टी पाहाव्यात. ते कोणत्या गावच्या हवामानावर लिहिले आहे? प्रत्येक सूचनेमागचे कारण दिले आहे का? वजन, पाणी आणि डास यांविषयी बोलते का? लेखकाचे फसलेले प्रयोग आहेत का? आणि झाड कुठून आले, ते सांगते का? तीन उत्तरे समाधानकारक मिळाली तरी पुस्तक घ्यावे.

उरलेल्या दोन उत्तरांसाठी शाळेने स्वतःची वही ठेवावी. लागवडीची तारीख, उन्हाचे तास, पाऊस, कीड, किती फळे धरली आणि किती गळली, एवढे लिहिले तरी पुरे. जुनी पुस्तके धुंडाळायला कल्याणचे १८६४ सालचे सार्वजनिक वाचनालय आणि ठाण्याचे १८९३ सालचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहेतच. अशा वीस शाळांच्या पाच वर्षांच्या वह्या एकत्र केल्या, तर आपल्या हवेचे, आपल्या ग्रिलचे आणि आपल्या पावसाचे पुस्तक तयार होईल. त्यात गळून गेलेल्या टोमॅटोंचीही नोंद असेल, आणि दोष कोणाचा होता हे मुलांना कळेल.