किनाऱ्याचे शिक्षण : प्रश्न कोणाचा?

विद्यापीठाने समाजाकडे जावे, याबद्दल दुमत नाही. जाऊन काय करावे, हा खरा प्रश्न. अमेरिकेतील 'सी ग्रँट' योजना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. अथेलस्टन स्पिलहाउस या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ही कल्पना मांडली. १९६६ मध्ये तिचा कायदा झाला. विद्यापीठांनी शेतीसाठी जे विस्तारकार्य केले, तेच समुद्रासाठी करावे, हा तिचा हेतू.

आमच्या मते या तुलनेतच एक उणीव आहे. शेत शेतकऱ्याचे असते. तज्ज्ञांचा सल्ला मानायचा की नाही, हे तो ठरवतो. समुद्र सामाईक असतो. तेथे एका सल्ल्याची झळ सर्वांना बसते. म्हणून प्रश्न ठरवतानाच मच्छीमार सोबत हवेत.

चेसापीक उपसागरातील अनुभव बोलका आहे. व्हर्जिनियात २००८ मध्ये तळ खरवडून खेकडे पकडण्याचा हिवाळी धंदा बंद झाला. तेव्हा विल्यम अँड मेरी विद्यापीठाच्या सागरविज्ञान संस्थेने मच्छीमारांना मोबदला व ध्वनिलहरींनी तळ दाखवणारी यंत्रे देऊन हरवलेले सापळे काढण्यास सांगितले. असे सापळे पाण्यात पडल्या पडल्या खेकडे मारतच राहतात. २०१४ पर्यंत अशा ३४ हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. पाण्याची माहिती मच्छीमारांची, आणि नोंदीही त्यांनीच केल्या.

आपल्या शाळेकडे असा उपक्रम आला, तर शिक्षकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रश्न कोणी निवडला? मोजमाप कोण करणार? नोंदवही कोणाकडे राहणार? तिन्हींचे उत्तर 'विद्यापीठ' असे आले, तर मुलांची केवळ सहल होईल.